उंबरठा की विलंब? जुन्या लहान इंजिनासाठी टर्बोचा आकार ठरवताना होणारी गल्लत

जुन्या गाडीच्या हजार-बाराशे सीसीच्या इंजिनाला टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारे यंत्र) बसवला की पहिली तक्रार ठरलेली असते: ‘गाडीला लॅग फार आहे.’ तक्रार खरी असते, शब्द मात्र बहुतेक वेळा चुकलेला असतो. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबूनही गाडी ओढत नाही, याची दोन निरनिराळी कारणे असू शकतात. एकात टर्बोला हवा दाबण्याइतकी ताकद एक्झॉस्टमधून मिळतच नसते; दुसऱ्यात ती मिळत असते, पण टर्बोने वेग घेईपर्यंत वेळ जातो. पहिल्याला बूस्ट थ्रेशोल्ड म्हणतात (बूस्ट म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा जादा दाब) आणि दुसऱ्याला टर्बो लॅग. इथे त्यांना अनुक्रमे उंबरठा आणि विलंब म्हणू. उंबरठा आरपीएममध्ये, म्हणजे इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांत मोजतात, विलंब सेकंदांत. एवढे लक्षात ठेवले तरी निम्मा गोंधळ मिटतो.

समजा, एखाद्या इंजिनाचा उंबरठा २,८०० आरपीएम आहे. चढावर वरच्या गिअरमध्ये ते २,२०० वर पूर्ण थ्रॉटलने कितीही वेळ चालवले, तरी बूस्टच्या काट्यावर अपेक्षित दाब दिसणार नाही, कारण तेवढ्या फेऱ्यांना निघणारा एक्झॉस्ट टर्बाइनला (टर्बोतल्या एक्झॉस्टने फिरणाऱ्या चाकाला) पुरेसा फिरवूच शकत नाही. येथे वाट पाहून काहीही हाती लागत नाही. उलट तेच इंजिन ३,५०० वर हलक्या पायाने चालू असताना ॲक्सिलरेटर एकदम दाबला आणि दाब भरायला एक सेकंद लागला, तर तो एक सेकंद हा विलंब होय.

दोहोंची गल्लत होते ती चाचणीच्या पद्धतीमुळे. बहुतेक जण दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबतात आणि काटा कोठे चढला ते पाहतात. दुसऱ्या गिअरमध्ये फेरे इतक्या झपाट्याने वाढतात की टर्बो उंबरठा ओलांडूनही मागेच राहतो, आणि काटा ३,६०० ला चढलेला दिसतो. तीच गाडी चौथ्या गिअरमध्ये चढावर न्यावी. फेरे सावकाश वाढतात आणि बूस्ट २,८०० लाच आलेला दिसतो. मधल्या ८०० फेऱ्यांचा फरक विलंबाचा आहे. म्हणून उंबरठा नेहमी वरच्या गिअरमध्ये पाहावा, आणि विलंब उंबरठ्याच्या बराच वर, स्थिर वेगावरून पाय दाबून मोजावा.

आता आकाराकडे वळू. उंबरठ्यावर सर्वाधिक हुकमत असते ती टर्बाइनच्या चाकाच्या मापाची आणि त्याच्या हाउसिंगच्या (चाकाभोवतीच्या आवरणाच्या) ‘ए बाय आर’ या गुणोत्तराची. हाउसिंगमधल्या वाटेचे क्षेत्रफळ भागिले त्या वाटेच्या मध्यापासून शाफ्टच्या मध्यापर्यंतचे अंतर, असे ते गुणोत्तर असते. ते ०.६३ वरून ०.४८ वर आणले, तर तोच एक्झॉस्ट अधिक वेगाने चाकावर आदळतो आणि उंबरठा खाली येतो. फिरत्या भागाच्या वजनाचा मात्र उंबरठ्याशी संबंध नाही, कारण उंबरठा ही स्थिर अवस्थेतली गोष्ट आहे. जड चाकसुद्धा पुरेसा वेळ दिल्यास त्याच वेगाला पोहोचते.

वजन भोवते ते विलंबात. एकाच घडणीची दोन चाके घेतली, तर त्यांचे जडत्व व्यासाच्या पाचव्या घाताने बदलते. व्यास अवघा १० टक्क्यांनी कमी केला, तर जडत्व सुमारे ४० टक्क्यांनी घटते. लहान टर्बो चटकन जागा होतो तो यामुळे. बॉल बेअरिंगचा टर्बोही मुख्यतः विलंबच कमी करतो. उंबरठ्याची तक्रार असताना त्यावर केलेला खर्च बव्हंशी वाया जातो, असे माझे मत आहे. इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली तापलेली हवा गार करणाऱ्या भागाच्या) लांब पाइपांना मात्र वाजवीपेक्षा जास्त दोष दिला जातो. पाच लिटरची जादा पोकळी अर्ध्या बारपर्यंत भरायला साध्या दाबाची अडीच लिटर हवा पुरते, आणि १,२७५ सीसीचे इंजिन ३,००० फेऱ्यांना दर सेकंदाला साधारण २५ लिटर हवा ओढते. पाइपांमुळे उशीर होतो, पण तो सेकंदाचा काही अंश असतो. वेस्टगेटची (जादा एक्झॉस्ट टर्बाइनला वळसा घालून सोडणाऱ्या वाटेची) झडप नीट बसत नसेल किंवा मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांतला एक्झॉस्ट एकत्र आणणाऱ्या नळीच्या) गॅस्केटमधून एक्झॉस्ट निसटत असेल, तर उंबरठा आणि विलंब दोन्ही बिघडतात. म्हणून टर्बो बदलण्याआधी या दोन जागा तपासाव्यात.

लॅगचे तिसरे एक सोंग असते कमी कॉम्प्रेशनचे, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण कमी पट दाबले जाण्याचे. १९७३ च्या बीएमडब्ल्यू २००२ टर्बोचे कॉम्प्रेशन ६.९ इतके उतरवलेले होते, त्यामुळे बूस्ट येईपर्यंत इंजिन मुळातच मंद वाटे. ही मंदी टर्बो बदलून जात नाही.

उंबरठा किती असावा, हे गिअरबॉक्स सांगतो. पहिल्या गिअरचे गुणोत्तर ३.६५, दुसऱ्याचे २.१८ आणि तिसऱ्याचे १.४३ असेल, तर ५,००० फेऱ्यांना पहिल्यातून दुसऱ्यात जाताना इंजिन सुमारे ३,००० वर उतरते, आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना सुमारे ३,३०० वर. म्हणजे उंबरठा ३,००० च्या वर असलेला टर्बो अशा गाडीत पहिला गिअर बदलताच झोपणार. उंबरठा २,५०० च्या आसपास असेल, तर गिअर बदलतानाच्या अर्ध्या सेकंदात चाक मंदावल्याने जो विलंब होतो, तेवढाच उरतो.

हवेचा हिशेबही अवघड नाही. १,२७५ सीसीचे इंजिन ५,५०० फेऱ्यांना, सिलिंडर ८० टक्के भरतात असे धरल्यास, मिनिटाला सुमारे ३.४ किलो हवा घेते. अर्धा बार बूस्ट दिला, तर इंटरकूलर नसताना हवा पन्नासेक अंशांनी तापते. त्यामुळे हवेचे वजन दीडपट न होता साधारण सव्वापट होते, म्हणजे मिनिटाला ४.३ किलोच्या आसपास. कॉम्प्रेसरच्या (टर्बोतल्या हवा दाबणाऱ्या चाकाच्या) नकाशावर, म्हणजे हवेचा प्रवाह आणि दाब यांवरून कार्यक्षमता दाखवणाऱ्या आलेखावर, हा बिंदू मधल्या, जास्त कार्यक्षमतेच्या पट्ट्यात पडायला हवा. कॉम्प्रेसर फार मोठा निवडला, तर हा बिंदू डावीकडे सर्जच्या रेषेला चिकटतो आणि कमी फेऱ्यांत हवा उलटी धक्के देऊ लागते.

येथे नावावर जाऊ नये. १९८२ च्या एमजी मेट्रो टर्बोच्या १,२७५ सीसीच्या इंजिनावर गॅरेटचा टी-३ होता, आणि १९८६ च्या फोर्ड सिएरा आरएस कॉसवर्थच्या दोन लिटरच्या इंजिनावरही टी-३च होता. टी-३ हे एका कुटुंबाचे नाव आहे. आतल्या चाकांची मापे आणि हाउसिंग वेगवेगळी असतात. दोन लिटरच्या गाडीतून निघालेला जुना टी-३ लहान इंजिनावर जसाच्या तसा चढवला, की उंबरठा वर जातो आणि मालक त्यालाच लॅग म्हणतो.

मग सर्वात लहान टर्बोच का घेऊ नये? कारण त्याची किंमत वरच्या फेऱ्यांना मोजावी लागते. अरुंद हाउसिंगमधून एक्झॉस्ट वेळेत बाहेर पडत नाही, मॅनिफोल्डमधला दाब बूस्टच्या दुप्पट-अडीचपट होऊ शकतो, जळालेला वायू सिलिंडरमध्ये मागे राहतो आणि नवे मिश्रण तापून नॉकिंग (मिश्रण आपोआप पेटून होणारी ठोकठोक) सुरू होते. नॉक सेन्सर नसलेल्या, डिस्ट्रिब्युटरवर चालणाऱ्या इंजिनात ते रोखायला टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे घ्यावे लागते, आणि टायमिंग मागे गेले की एक्झॉस्ट आणखी तापतो. पण जुन्या लाँग-स्ट्रोक (पिस्टनची ये-जा लांब असलेल्या) इंजिनाला ५,५०० च्या पुढे नेण्यात तसाही अर्थ नसतो. तेव्हा ५,००० पर्यंत मोकळा श्वास घेऊ देणारे हाउसिंग पुरेसे मानावे, मोठे वेस्टगेट लावावे, आणि त्या मर्यादेत बसणारे सर्वात हलके चाक निवडावे.