खुल्या आराखड्याचे घर

दिवाणखाना, जेवणाची जागा आणि बहुधा स्वयंपाकघरही मध्ये भिंती न घालता एकाच सलग जागेत मांडलेले घर. वास्तुरचनाकार आणि इंटिरियरचे काम करणारे त्याला ओपन प्लॅन म्हणतात. शयनकक्ष, न्हाणीघर आणि शौचालय अशा घरातही बहुतेकदा बंदिस्तच असतात. विसाव्या शतकात घराच्या बांधणीत जे बदल झाले, त्यांपैकी घरातल्या माणसांच्या रोजच्या वागण्यावर सर्वांत खोल परिणाम याच बदलाने केला असे म्हणता येईल.

घरातली साधी भिंतसुद्धा एकाच वेळी अनेक कामे करत असते. ती वरचा भार पेलते, आवाज अडवते, धूर आणि वास पलीकडे जाऊ देत नाही, थंडावा किंवा ऊब एका खोलीत धरून ठेवते, नजरेआड करायच्या गोष्टी नजरेआड करते. कपाटाला पाठ तिचीच मिळते. वायरी, स्विच आणि नळाचे पाइपही तिच्याच पोटात असतात. भिंत काढली म्हणजे ही सगळी कामे दुसऱ्या कशावर तरी सोपवावी लागतात. ती आराखड्याच्या वेळीच सोपवलेली असतील तर खुले घर सुखाचे होते. जागा मोठी दिसावी एवढ्याच हेतूने भिंती गाळल्या, तर राहायला गेल्यावर पडदे, उंच कपाटे आणि घडीची पार्टिशने हळूहळू भिंतींची जागा घेऊ लागतात.

पूर्वपीठिका

वीट-दगडाच्या जुन्या बांधकामात भिंतीच भार वाहत असल्याने वरच्या मजल्याची भिंत खालच्या भिंतीवरच उभी करावी लागे आणि खोलीची रुंदी लाकडी तुळईच्या लांबीवर ठरे. युरोपातल्या श्रीमंतांच्या घरांत एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जावे लागे. सतराव्या शतकापासून पॅसेजची पद्धत रुळत गेली आणि प्रत्येक खोलीला स्वतंत्र दार व एकच ठरलेले काम मिळाले. एकोणिसाव्या शतकातल्या सुखवस्तू घरात स्वयंपाकघर मागे किंवा तळघरात असे आणि तिथे नोकरचाकर राबत. खोल्यांच्या या काटेकोर वाटणीला पुढे दोन गोष्टींनी धक्का दिला. घरकामाला नोकर मिळेनासे झाले, आणि पोलाद व लोखंडी सळ्यांचे काँक्रीट आल्यावर भार भिंतींवरून खांबांवर गेला.

जपानमधल्या पारंपरिक लाकडी घरात हे आधीपासूनच होते. तिथे भार लाकडी खांबांवर असतो आणि खोल्या कागद लावलेल्या सरकत्या पाटांनी वेगळ्या होतात. पाट खाचेतून उचलून बाजूला ठेवले की दोन-तीन खोल्यांची एक खोली होते. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात जपानी मंदिराच्या धर्तीवरची एक इमारत उभारली होती. तरुण वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट त्या काळी त्याच शहरात काम करत होता. १९०५ मध्ये तो स्वतः जपानला जाऊन आला. शिकागोतले त्याचे रॉबी हाउस १९१०च्या सुमारास पूर्ण झाले. त्यात बैठक आणि जेवणाची जागा एकाच लांब दालनात असून मध्ये फक्त शेकोटीचा विटांचा ठोकळा उभा आहे. त्याच्या दोन्ही अंगांनी वाट आहे आणि वर छत सलग पुढे जाते, त्यामुळे बैठकीत बसलेल्याला पलीकडची जागा जाणवते, पण सगळी दिसत नाही. खुल्या आराखड्याची पुढची बरीच चांगली उदाहरणे याच तत्त्वावर उभी आहेत.

ल कॉर्ब्यूजिए या वास्तुरचनाकाराने १९१४ मध्ये डोम-इनो नावाचा सांगाडा कागदावर मांडला: काँक्रीटचे सपाट स्लॅब, त्यांना पेलणारे मोजके खांब आणि एक जिना. एकही भिंत भार वाहत नसल्यामुळे आतली वाटणी हवी तशी करता येत होती. पुढे त्याने आधुनिक वास्तुकलेची जी पाच सूत्रे सांगितली त्यांत ‘मुक्त आराखडा’ हे एक होते. १९३१ मध्ये पूर्ण झालेल्या पॅरिसजवळच्या व्हिला सव्वामध्ये खांब आपल्या रांगेत उभे आहेत आणि पातळ, कुठे वळणदार भिंती त्यांची पर्वा न करता फिरतात.

दोन घरे

कल्पना कळायला सूत्रांपेक्षा घरे जवळून पाहणे बरे. नेदरलँड्समधल्या उट्रेक्टचे श्रोडर हाउस (१९२४) खेरिट रीटफेल्ट या डच वास्तुरचनाकाराने त्रुस श्रोडर या विधवा बाईंसाठी बांधले. भिंती नकोत हा आग्रह मुळात बाईंचा होता. मोठ्यांच्या बोलण्यात आपली तिन्ही मुले बसलेली असावीत अशी त्यांची इच्छा होती. वरचा मजला दिवसा एक मोकळे दालन असतो. रात्री छतातल्या रुळांवरून पार्टिशने ओढली की त्याच्याच झोपायच्या खोल्या होतात. जेवणाच्या टेबलाजवळच्या कोपऱ्यात दोन भिंतींच्या खिडक्या मध्ये खांब न ठेवता एकमेकींना भिडतात, आणि दोन्ही उघडल्या की घराचा कोपराच नाहीसा होतो. बांधकामाच्या नियमांत असला मजला बसत नव्हता म्हणून नकाशात तो ‘पोटमाळा’ म्हणून दाखवला गेला. तळमजला मात्र नेहमीसारखा खोल्याखोल्यांचा आहे आणि स्वयंपाकघरही खालीच आहे. बाई १९८५ साली वारल्या, तोवर त्या याच घरात राहत होत्या. आराखडा खरोखर राहण्याजोगा होता याचा याहून चांगला दाखला नाही.

चेक प्रजासत्ताकातल्या बर्नो शहरातला व्हिला टुगेंडहाट (१९३०) लुडविग मिस व्हान डेर रोह या जर्मन वास्तुरचनाकाराने टुगेंडहाट कुटुंबासाठी बांधला. त्यातले मुख्य दालन दोनशे चौरस मीटरांहून मोठे आहे. पोलादी खांबांवर क्रोमचे चकाकते आवरण आहे. बैठक आणि अभ्यासिका यांच्यामध्ये ऑनिक्स दगडाची एक सरळ पातळ भिंत आहे. जेवणाच्या टेबलाला एबनी लाकडाच्या अर्धगोल आडोशाने कवेत घेतले आहे. या दोन्ही गोष्टी काहीच पेलत नाहीत, फक्त इथे बसायचे आणि तिथे जेवायचे हे सांगतात. उरलेली वाटणी जमिनीपर्यंत येणाऱ्या जड पडद्यांनी होते. बागेकडच्या भव्य काचांपैकी दोन विजेच्या मोटरने खाली तळघरात उतरतात. १९३१ मध्ये जर्मन नियतकालिकात या घरात माणसाला राहता तरी येईल का, असा वाद झडला आणि टुगेंडहाट पतिपत्नींनी त्याला स्वतः उत्तर दिले. या वादात एक गोष्ट विसरली जाते: कुटुंबाचे शयनकक्ष वरच्या मजल्यावर होते आणि ते साधे, दार लावता येणारे होते. मिसनेच पुढे अमेरिकेत बांधलेल्या फार्न्सवर्थ हाउसमध्ये (१९५१) सगळे घर म्हणजे काचेची एकच खोली आणि मध्ये न्हाणीघर व शेकोटी सामावणारा लाकडी गाभा आहे. पाहायला ते अप्रतिम आहे, पण एकट्या माणसाच्या सुट्टीतल्या मुक्कामासाठी बांधलेले ते घर कुटुंबाच्या घराचा आदर्श म्हणून पुढे करणे योग्य नव्हे.

आडॉल्फ लोस या वास्तुरचनाकाराने याच सुमारास वेगळी वाट धरली होती. प्रागमधल्या व्हिला म्युलरमध्ये (१९३०) खोल्या वेगवेगळ्या उंचीवर आहेत आणि चार-सहा पायऱ्या चढल्या-उतरल्या की एकीतून दुसरीत जाता येते. तिथे भिंतीचे काम जमिनीची पातळी करते.

स्वयंपाकघर

भिंती काढण्याचा सर्वांत अवघड भाग इथे येतो. १९२६ मध्ये मार्गारेट श्युटे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी फ्रँकफर्टच्या गृहप्रकल्पांसाठी आखलेले स्वयंपाकघर जेमतेम १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब होते. ओटा, खण, इस्त्रीची घडीची फळी असे सगळे हाताशी असलेली ती बंद खोली होती. शेजारच्या खोलीशी संबंध एका सरकत्या दारापुरता. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरे बसवली गेली. पावले वाचली, पण राबणारी बाई घरच्यांपासून तुटते ही तक्रार नंतर होऊ लागली. स्वयंपाकघर दिवाणखान्यात आणण्यामागे दिखाऊपणापेक्षा ही तक्रार दूर करणे मोठे आहे, आणि माझ्या मते खुल्या आराखड्याचे सर्वांत सबळ समर्थनही तेच आहे.

मात्र तळणाचे बारीक तेलकण हवेबरोबर फिरतात आणि सोफ्याच्या कापडावर, पुस्तकांवर, पंख्याच्या पात्यांवर बसतात. त्यामुळे शेगडीवर हवा घराबाहेर टाकणारी चिमणी लागतेच. ती शेगडीइतकी तरी रुंद असावी, गॅसच्या शेगडीपासून साधारण ६५ ते ७५ सेंटिमीटर उंच असावी आणि तिचा पाइप आखूड व कमी वळणांचा असावा. कोळशाच्या गाळणीतून हवा पुन्हा घरातच सोडणाऱ्या चिमणीने वास थोडा कमी होतो, वाफ आणि ओल तशीच राहते. मध्यभागी मोकळ्या ओट्यावर शेगडी ठेवली तर मागे भिंत नसल्याने आडव्या वाऱ्याने धूर फाकतो, म्हणून तिथे चिमणी आणखी रुंद घ्यावी लागते. बाहेर फेकलेल्या हवेच्या जागी ताजी हवा यायला खिडकी किंवा झरोका नसेल तर चांगली चिमणीही निकामी ठरते.

पसाऱ्याचा प्रश्न उंचीने सुटतो. ओटा ८५ ते ९० सेंटिमीटरचा असतो. दिवाणखान्याच्या बाजूने त्याला १०५ ते ११० सेंटिमीटर उंचीचा कठडा केला, तर सोफ्यावर बसलेल्याला सिंकमधली भांडी दिसत नाहीत आणि उभ्याने काम करणाऱ्याला सगळी खोली दिसते. एवढ्या १५-२० सेंटिमीटरने घरातली कितीतरी कटकट वाचते.

आवाज

खुल्या घराबद्दलची सर्वांत जास्त तक्रार आवाजाची असते, आणि आराखडा करताना सर्वांत कमी विचारही त्याचाच होतो. दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली साधी विटेची भिंत आवाज ४० डेसिबलच्या आसपास कमी करते; तिच्यापलीकडचे बोलणे कानावर आले तरी शब्द कळत नाहीत. भिंत गेली की मिक्सर, टीव्ही आणि फोनवरचे बोलणे एकमेकांवर चढते. शिवाय खोलीत आवाज किती वेळ घुमतो हे तिच्या घनफळावर आणि आवाज शोषणाऱ्या पृष्ठभागांवर अवलंबून असते, असे वॉलेस सॅबिन या अमेरिकी पदार्थवैज्ञानिकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखवले. भिंत काढल्याने घनफळ वाढते, आणि वर चकचकीत फरशी, काच व सपाट छत आले की शोषायला काही उरतच नाही. जाड गालिचा, घेरदार पडदे, कापडी सोफा, पुस्तकांनी भरलेले उघडे कपाट, छताला लाकडी पट्ट्या आणि त्यामागे लोकर या गोष्टी इथे सजावटीच्या नाहीत. त्या भिंतीचे काम करत असतात. शयनकक्षाचे दार थेट मोठ्या दालनात उघडू नये. मध्ये मीटर-दीड मीटरचा वळणाचा पॅसेज ठेवला तर झोपणाऱ्याला स्वस्थता मिळते.

उजेड, हवा, मांडणी

खुल्या आराखड्याचा खरा लाभ उजेडाचा. एका बाजूच्या खिडकीतून येणारा दिवसाचा उजेड तिच्या वरच्या कडेच्या उंचीच्या साधारण दीड ते दोन पट आतपर्यंत कामाचा असतो. खिडकी जमिनीपासून २.१ मीटरपर्यंत असेल तर तीन-चार मीटरनंतर अंधारायला लागते. लांबट घरात मधल्या खोलीला दिवसाही दिवा लागतो तो यामुळेच. मधल्या भिंती गेल्या की दोन्ही टोकांचा उजेड आत मिळतो आणि समोरासमोरच्या खिडक्यांतून वाराही वाहतो. उलट बाजू अशी की एका कोपऱ्यात बसलेल्या एका माणसासाठी अख्खे दालन थंड किंवा गरम करावे लागते, आणि दुमजली उंचीच्या दालनात ऊब सरळ वर निघून जाते.

रात्री जागांची वाटणी दिव्यांनी करायची असते. छतभर सारख्या अंतरावर बसवलेले आणि एकाच स्विचवर लागणारे दिवे खुल्या घराची पार रया घालवतात. जेवणाच्या टेबलावर ७०-८० सेंटिमीटर उंचीवर लोंबता दिवा, ओट्यावर कपाटाखालची पट्टी, बसायच्या जागी उभा दिवा आणि प्रत्येकाचा स्विच वेगळा असे केले, की जेवण आटोपल्यावर ओट्याकडचा भाग अंधारात सोडता येतो.

सामान भिंतीला चिकटवून ठेवण्याची सवय इथे सोडावी लागते. सोफ्याची पाठ, बुटके कपाट, गालिचाची कड यांनी हद्दी ठरतात. येण्याजाण्याची वाट सुमारे ९० सेंटिमीटर रुंद असावी आणि ती बसलेल्यांच्या व टीव्हीच्या मधून जाऊ नये. साठवणीची जागा भिंतींबरोबर कमी होत असल्यामुळे उरलेली एखादी भिंत जमिनीपासून छतापर्यंत कपाटांनी भरून टाकणे श्रेयस्कर.

अलीकडे पूर्ण मोकळ्या दालनाऐवजी काचेची पार्टिशने, अर्ध्या भिंती आणि सरकती दारे यांनी जागा अंशतः तोडण्याकडे कल आहे. २०२०च्या टाळेबंदीत एकाच दालनात कामाच्या बैठका, मुलांची शाळा आणि स्वयंपाक एकत्र आल्यावर हा कल वाढला. श्रोडर बाईंनी जे १९२४ मध्ये करून घेतले, त्याच्या जवळच हे सगळे जाते.

जुन्या घरातील भिंत काढणे

भारवाही बांधकामात भिंत काढण्याआधी वरच्या भाराला टेकू देऊन त्या जागी पोलादी किंवा काँक्रीटची तुळई घालावी लागते, आणि तिच्या दोन टोकांखालचे बांधकाम व पाया हा एकवटलेला भार पेलू शकतो का हे तपासावे लागते. खांब-तुळईच्या इमारतीत मधली भिंत काढली तर चालते असा समज आहे, तो अर्धाच खरा. भूकंपाच्या धक्क्यात या भिंतीही इमारतीला ताठपणा देतात. एकाच मजल्यावरच्या बऱ्याच भिंती काढल्या तर तो मजला इतरांपेक्षा कमकुवत होतो. म्हणून भिंत कोणतीही असो, आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अभिप्राय घ्यावा लागतो. उंच इमारतींत स्वयंपाकघर उघडे करताना आगीच्या नियमांनुसार धूरसूचक यंत्र किंवा पाण्याचे फवारे बसवावे लागण्याची शक्यता असते, कारण बंद दाराने जो वेळ मिळत असे तो आता मिळत नाही.