हेगच्या फौजदारी न्यायालयाकडे पुण्यातून माहिती किंवा पीडित म्हणून अर्ज: पात्रता, कागदपत्रे आणि पद्धत

पुण्यात शिकायला येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांमध्ये अफगाणिस्तान, सुदान, येमेन आणि सीरिया या देशांतील मुलेमुलीही आहेत, आणि त्यांच्यापैकी काहींनी आपल्या गावावर किंवा कुटुंबावर झालेले अत्याचार स्वतः पाहिले आहेत. “हे ज्यांनी केले त्यांच्याविरुद्ध मला इथून काही करता येईल का?” हा प्रश्न ते घरमालकांना, प्राध्यापकांना, ओळखीच्या वकिलांना विचारतात. ऐकणाऱ्याला मदत करायची असते, पण कोणता अर्ज, कोणाकडे आणि कशासह पाठवायचा हे त्याला ठाऊक नसते. ही माहिती त्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांना मदत करू पाहणाऱ्या पुणेकरांसाठी आहे.

आधी एक गोंधळ दूर केला पाहिजे. कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात १७ जुलै २०१९ रोजी निकाल देणारे आंतरराष्ट्रीय न्यायालय हेग शहरातच आहे, पण तिथे फक्त देश एकमेकांविरुद्ध उभे राहतात. व्यक्तीला तिथे अर्ज करता येत नाही. सामूहिक अत्याचारांसाठी व्यक्तींवर खटला चालवणारे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय ही त्याच शहरातील वेगळी संस्था असून ती १७ जुलै १९९८ रोजी स्वीकारलेल्या आणि १ जुलै २००२ पासून अमलात आलेल्या रोम संविधीनुसार, म्हणजे हे न्यायालय स्थापणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, चालते. पुढील सर्व माहिती या दुसऱ्या न्यायालयाविषयी आहे.

पात्रता: गुन्हा, ठिकाण आणि तारीख

न्यायालयाच्या कक्षेत चारच गुन्हे येतात: वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे आणि आक्रमणाचा गुन्हा. एखादा खून कितीही क्रूर असला तरी तो एकटा पुरेसा नसतो. मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरण्यासाठी ते कृत्य नागरी लोकसंख्येवरील व्यापक किंवा पद्धतशीर हल्ल्याचा भाग असावे लागते, आणि युद्धगुन्ह्यासाठी त्याचा सशस्त्र संघर्षाशी संबंध असावा लागतो.

दुसरी अट ठिकाणाची किंवा आरोपीच्या नागरिकत्वाची आहे. सर्वसाधारणपणे कृत्य सदस्य देशाच्या भूमीवर घडलेले असावे, किंवा आरोपी सदस्य देशाचा नागरिक असावा. याशिवाय संयुक्त राष्ट्रांची सुरक्षा परिषद एखादे प्रकरण न्यायालयाकडे सोपवू शकते. पीडित कोणत्या देशाचा आहे याला इथे महत्त्व नाही. विद्यार्थ्यांना इथेच वेगवेगळी उत्तरे मिळतात, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

अफगाणिस्तान सदस्य असल्यामुळे १ मे २००३ पासून तिथे घडलेली कृत्ये कक्षेत येतात. मार्च २००१ मध्ये उद्ध्वस्त केलेल्या बामियानच्या बुद्धमूर्तींसाठी मात्र या न्यायालयात कोणालाही उभे करता येणार नाही, तर मालीमधील टिंबक्टू शहरातील मकबरे पाडल्याबद्दल याच न्यायालयाने २०१६ मध्ये कट्टरपंथी गटातील अल महदी याला नऊ वर्षांची शिक्षा दिली, कारण माली सदस्य आहे आणि ते कृत्य २०१२ चे आहे. सुदान सदस्य नाही, परंतु सुरक्षा परिषदेने ३१ मार्च २००५ रोजी ठराव १५९३ करून पश्चिम सुदानातील दारफूर प्रांताचे प्रकरण सोपवले. त्यामुळे दारफूरमधील विद्यार्थ्याला दार उघडे आहे आणि त्याच्याच वर्गातील राजधानी खार्टुमच्या विद्यार्थ्याला ते बंद आहे. हे अन्यायकारक वाटते, आणि मलाही ते तसेच वाटते, पण अर्ज करण्यापूर्वी ते समजून घ्यावे लागते. सीरिया आणि येमेन सदस्य नाहीत. सीरियाचे प्रकरण सोपवण्याचा ठराव मे २०१४ मध्ये रशिया आणि चीनच्या नकाराधिकारामुळे पडला. सीरियातील पीडितांसाठी अधिक उपयोगी ठरलेला मार्ग युरोपातील राष्ट्रीय न्यायालयांचा आहे; जर्मनीतील कोब्लेंझच्या न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये सीरियाच्या गुप्तचर यंत्रणेतील एका माजी अधिकाऱ्याला मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी जन्मठेप सुनावली.

भारतही सदस्य नाही. त्यामुळे भारतात घडलेल्या कृत्यांबद्दल इथून पाठवलेला अर्ज सहसा कक्षेबाहेरचा ठरतो. भारतीय नागरिकाला सदस्य देशात अत्याचार सोसावा लागला असेल, तर मात्र तो पात्र ठरू शकतो.

तारखेबाबत दोन गोष्टी पुरेशा आहेत. १ जुलै २००२ पूर्वीचे काहीही चालत नाही, आणि त्यानंतरच्या गुन्ह्यांना मुदतीची मर्यादा नाही. सुदानमधील सशस्त्र टोळ्यांचा म्होरक्या अली कुशैब याला ऑक्टोबर २०२५ मध्ये दोषी ठरवले गेले ते २००३ आणि २००४ मधील दारफूरच्या अत्याचारांसाठी.

दोन वेगळे अर्ज

पहिला मार्ग संविधीच्या कलम १५ खाली अभियोक्त्याच्या, म्हणजे तपास करून खटला मांडणाऱ्या अधिकाऱ्याच्या, कार्यालयाला माहिती कळवण्याचा आहे. ही माहिती कोणीही पाठवू शकतो: पीडित, साक्षीदार, नातेवाईक, संस्था, किंवा एखादे छायाचित्र जपून ठेवलेला पुण्यातील मित्रही. शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही. कार्यालयाने २०२३ पासून यासाठी ‘ओटीपी लिंक’ (ओटीपी म्हणजे इथे ‘ऑफिस ऑफ द प्रॉसिक्यूटर’, मोबाइलवर येणारा संकेतांक नव्हे) नावाचा ऑनलाइन मार्ग सुरू केला असून फोटो, ध्वनिफिती आणि व्हिडिओ तिथेच जोडता येतात. टपालासाठी पत्ता माहिती व पुरावा विभाग, अभियोक्ता कार्यालय, पोस्ट बॉक्स १९५१९, २५०० सीएम, द हेग, नेदरलँड्स असा आहे. न्यायालयाच्या कामकाजाच्या भाषा इंग्रजी आणि फ्रेंच आहेत, म्हणून दारी (अफगाणिस्तानातील एक भाषा) किंवा अरबी भाषेतील कागदासोबत इंग्रजी भाषांतर जोडलेले बरे.

दुसरा मार्ग पीडित म्हणून कारवाईत सहभागी होण्याचा आणि पुढे भरपाई मागण्याचा आहे. त्यासाठी पीडित सहभाग व भरपाई विभागाचा स्वतंत्र, विनामूल्य अर्ज भरावा लागतो आणि त्यावर निर्णय न्यायाधीश देतात. अभियोक्त्याला माहिती पाठवली म्हणजे आपण आपोआप पीडित म्हणून नोंदले गेलो, असे अनेक जण धरून चालतात. तसे होत नाही. या अर्जात चार गोष्टी दिसाव्या लागतात: तुम्ही कोण आहात, कोणती घटना कधी आणि कुठे घडली, तुम्हाला शारीरिक, मानसिक किंवा आर्थिक कोणती हानी झाली, आणि ती घटना न्यायालयासमोरील प्रकरणातील आरोपांत कशी बसते. मृताच्या जवळच्या नातेवाइकांना स्वतःला झालेल्या हानीसाठी अर्ज करता येतो. अल्पवयीन मुलाच्या वतीने पालक, आणि प्रौढाच्या वतीने त्याच्या संमतीने दुसरी व्यक्ती अर्ज करू शकते.

चौथ्या मुद्द्याचे एक उदाहरण पुण्यात अनेकांच्या जवळचे आहे. ८ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने तालिबानचा सर्वोच्च नेता हैबतुल्ला अखुंदजादा आणि मुख्य न्यायाधीश अब्दुल हकीम हक्कानी यांच्याविरुद्ध अटक वॉरंट काढले. आरोप मुली, स्त्रिया आणि तालिबानच्या लिंगविषयक धोरणात न बसणाऱ्या इतरांच्या छळाचा आहे, आणि शिक्षणाचा हक्क हिरावणे हा त्याचा भाग आहे. काबूलमधील विद्यापीठाचे दार बंद झाल्यामुळे इथे प्रवेश घेणाऱ्या मुलीच्या फायलीत जुनी गुणपत्रिका, अर्धवट राहिलेल्या वर्षाची नोंद आणि प्रवेशपत्र असे कागद असतात. माझ्या मते ते कागद जपून ठेवावेत, कारण झालेली हानी ते तारखेनिशी दाखवतात.

कागदपत्रे

ओळखीसाठी पासपोर्ट, राष्ट्रीय ओळखपत्र, शाळेचा किंवा जन्माचा दाखला यांपैकी कशाचीही प्रत चालू शकते. पळून येताना काहीच सोबत आणता आले नसेल, तर ओळख पटवणाऱ्या दोन विश्वासार्ह व्यक्तींचे सहीचे निवेदन न्यायालयाने यापूर्वी स्वीकारले आहे. शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारात जाऊन मुद्रांक कागदावर प्रतिज्ञापत्र करून घेण्याची गरज नाही. अर्जाला नोटरीचा शिक्का लागत नाही. मूळ कागद कधीही पाठवू नयेत. मोबाइलमधील व्हिडिओ कापू नये, त्यावर नावे लिहू नयेत. मूळ फाइल तशीच ठेवून तिची प्रत पाठवावी, कारण फाइलमधील तारीख आणि ठिकाणाची नोंद बदलली की पुराव्याची किंमत कमी होते.

मदत करणाऱ्यांना एक कळकळीची विनंती आहे. अत्याचार सोसलेल्या व्यक्तीला पुन्हा पुन्हा सविस्तर जबानी द्यायला लावू नका. त्यामुळे तिला त्रास होतोच, शिवाय दोन जबान्यांतील लहानसा फरकही पुढे बचाव पक्षाच्या हाती लागतो. अभियोक्ता कार्यालयाने २०२२ मध्ये संस्थांसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतही हाच धोका सांगितला आहे. नाव, संपर्क आणि घटनेचा थोडक्यात तपशील एवढे लिहून घ्यावे आणि बाकीचे तपास अधिकाऱ्यांवर सोपवावे. मायदेशी राहिलेल्या कुटुंबाला धोका असेल, तर तसे अर्जात स्पष्ट लिहावे आणि ही गोष्ट समाजमाध्यमांवर कुठेही टाकू नये.

या कामासाठी पैसे मागणाऱ्या मध्यस्थापासून दूर राहावे. अर्ज केल्याने व्हिसा, आश्रय किंवा तिसऱ्या देशात जाण्याचा हक्क मिळत नाही. तो विषय पूर्णपणे वेगळा आहे.

अर्जानंतर

माहितीचा तपास झालाच पाहिजे असे बंधन अभियोक्त्यावर नाही, आणि संबंधित देश स्वतः प्रामाणिकपणे खटला चालवत असेल तर हे न्यायालय हात घालत नाही. न्यायालयाकडे स्वतःचे पोलीस नाहीत. अटक सदस्य देशांनी करायची असते आणि खटला आरोपीच्या हजेरीतच चालतो. राष्ट्रप्रमुख असल्याचा बचाव इथे चालत नाही. शिक्षा कमाल ३० वर्षे, अतिगंभीर प्रकरणी जन्मठेप, फाशी नाही. युगांडातील बंडखोर गटाचा कमांडर डॉमिनिक ओंगवेन याला २०२१ मध्ये २५ वर्षांची शिक्षा झाली, त्याच्या खटल्यात चार हजारांहून अधिक पीडित सहभागी होते, आणि फेब्रुवारी २०२४ च्या आदेशात सुमारे ५० हजार पीडितांसाठी ५ कोटी २० लाख युरोंहून अधिक भरपाई ठरली.

भारतीय कायद्याचा आधार घेता येईल का, असेही विचारले जाते. भारताने वंशसंहारविरोधी करार १९५९ मध्ये मान्य केला, पण त्यासाठी वेगळा कायदा केला नाही. वंशसंहार आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे आपल्या फौजदारी कायद्यात नाहीत, आणि ही पोकळी तातडीने भरली पाहिजे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने १९८४ च्या शीखविरोधी हिंसाचाराच्या प्रकरणात १७ डिसेंबर २०१८ रोजी नोंदवले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ती भरलेली नाही. युद्धकाळातील वागणुकीचे नियम सांगणाऱ्या जिनिव्हा करारांसाठीचा जिनिव्हा करार अधिनियम, १९६० हा भारताबाहेरील गंभीर उल्लंघनांनाही लागू होतो, पण त्याखाली न्यायालय सरकारच्या तक्रारीवरच दखल घेते, त्यामुळे व्यक्तीला थेट उपयोग नाही.

पोचपावतीवरील संदर्भ क्रमांक सुरक्षित ठेवावा. शिक्षण संपल्यावर पुणे सोडताना भारतातील मोबाइल क्रमांक बंद होतो आणि कॉलेजचा ईमेलही जातो, तर न्यायालयाचे पत्र कधी कधी काही वर्षांनी येते. म्हणून अर्जात स्वतःचा कायमचा ईमेल आणि विश्वासातील एका व्यक्तीचा संपर्क द्यावा, आणि पत्ता बदलताच संदर्भ क्रमांक लिहून संबंधित विभागाला कळवावे.