खानदेशातल्या विद्यापीठ-कॉलेजांमधली लिंगसमता

लिंगसमता म्हंजे विद्यापीठात शिकणाऱ्या, शिकवणाऱ्या आणि ऑफिसात काम करणाऱ्या सगळ्यांना, बाई असो, पुरुष असो की तृतीयपंथी, सारखी संधी, सारखा मान आणि सारखी सुरक्षितता मिळणं. खानदेशात, म्हंजे जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांत, हे काम मुख्यतः जळगावच्या विद्यापीठाकडे आणि त्याच्या कॉलेजांकडे येतं. हे विद्यापीठ १९९० साली सुरू झालं आणि २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाईंना लिहितावाचता येत नव्हतं, घरच्यांनी लिहून ठेवलं म्हणून त्यांची गाणी आपल्यापर्यंत आली. जिला शाळा मिळाली नाही तिचं नाव आज डिग्रीच्या कागदावर आहे, त्यामुळे एकाही पोरीचं शिक्षण अर्ध्यात सुटलं तर ते इथे सगळ्यांच्या जिव्हारी लागायला हवं.

सुटतं कुठे तर बऱ्याचदा एसटी स्टँडवर. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, २०२४-२५ पासून वर्षाला ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक कोर्सची फीही माफ आहे, या दोन्ही गोष्टी खरंच मोठ्या आहेत. पण प्रॅक्टिकलची बॅच संध्याकाळपर्यंत लांबली आणि गावाकडची शेवटची गाडी निघून गेली की घरी माय धास्तावते. सकाळी निघतानाच तिने सांगितलेलं असतं, 'दिन बुडाना पहिले घर येजो,' म्हंजे दिवस बुडायच्या आत घरी ये. दोनचारदा असं झालं की आंडेरचं, म्हंजे मुलीचं, कॉलेज बंद, आंडोरचं, म्हंजे मुलाचं, मात्र चालू. म्हणून लांबून येणाऱ्या पोरींची बॅच सकाळी लावणं आणि होस्टेलच्या जागा वाढवणं हे मला कुठल्याही भाषणापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.

लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत तक्रार समिती असते, जुने लोक तिला अजून विशाखा समितीच म्हणतात, कारण याच विषयावरचा सुप्रीम कोर्टाचा १९९७ चा विशाखा निकाल. पुढे २०१३ चा कायदा आला आणि २०१६ मध्ये यूजीसीचे, म्हंजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, नियम लागू झाले. समितीवर निदान निम्म्या बायका हव्यात, अध्यक्ष सीनियर महिला प्राध्यापक, एक मेंबर बाहेरचा, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर तीन विद्यार्थी प्रतिनिधी. कुलगुरू, कुलसचिव, डीन यांना त्यात बसता येत नाही, आणि ते बरंच आहे, ज्याच्या हातात आपलं प्रमोशन त्याच्यासमोर मन मोकळं कोण करेल. तक्रार तीन महिन्यांत द्यायची, चौकशी ९० दिवसांत संपवायची. हे सगळं पोरींना माहीत असायला फलक दिसावा लागतो. एका कॉलेजात मी तो जिन्याखाली, कुलूपबंद काचेच्या पेटीत पाहिला, वरचा नंबर रिटायर झालेल्या मॅडमचा, फोन लावला तर त्यांच्या नातवाने उचलला.

स्टाफचे प्रश्न वेगळे. प्रसूती रजा १८० दिवसांची आहे, पीएचडी करणाऱ्या महिलेलाही २४० दिवसांपर्यंत रजा मिळते, पण गाइडकडे ती मागताना बऱ्याच जणींचा जीव वरखाली होतो. आणि कमिट्या वाटताना रांगोळी, स्वागत, सूत्रसंचालन मॅडमांकडे, खरेदी आणि परीक्षा सरांकडे, ही पद्धत अजून कितीतरी ठिकाणी आहे. जूनमध्ये कामाची यादी लावतानाच दरवर्षी पाळी बदलायची, म्हंजे यंदा स्वागताला सर आणि खरेदीच्या कोटेशनवर मॅडमची सही, एवढं प्राचार्यांच्या एका ऑर्डरने होतं.