गूढ ग्रंथांतील संज्ञांचा मूलशोध

गूढ आध्यात्मिक ग्रंथांतील ज्या संज्ञा प्रचलित कोशांत सापडत नाहीत, किंवा सापडल्या तरी भलत्याच अर्थाने सापडतात, त्यांची मूळ भाषा व मूळ अर्थ ठरविण्याचा हा अभ्यास होय. व्युत्पत्तिशास्त्र ही त्याची केवळ अर्धी बाजू आहे; तो शब्द लेखकापर्यंत कोणत्या वाटेने, कोणाच्या कानांतून व कोणत्या लिपीतून पोहोचला, हे पाहिल्याशिवाय बहुतेक कोडी सुटत नाहीत.

याचे बोलके उदाहरण थिऑसॉफी या एकोणिसाव्या शतकातील गूढवादी चळवळीच्या वाङ्मयात मिळते. या चळवळीच्या एक संस्थापक हेलेना ब्लाव्हाट्स्की यांच्या ‘द सीक्रेट डॉक्ट्रिन’ (1888) या ग्रंथाच्या संदर्भात ‘किउ-ते’ नावाच्या तिबेटी ग्रंथांचा उल्लेख येतो. असे ग्रंथ कोणत्याही सूचीत नसल्यामुळे ते नाव काल्पनिक समजले जाई. वस्तुतः तो तंत्रग्रंथांच्या वर्गाला तिबेटीत असलेल्या ‘ग्यु-दे’ या नावाचा अपभ्रंश असून, अठराव्या शतकात ल्हासात राहिलेल्या ओराझिओ देल्ला पेन्ना या कॅपुचिन पंथाच्या ख्रिस्ती धर्मोपदेशकाने तो शब्द कानाला लागला तसा लिहिला होता. त्याचा वृत्तांत 1876 मध्ये क्लेमेंट्स मार्कम यांच्या ग्रंथात इंग्रजीत छापला गेला. ग्रंथ सूचीत होतेच. अनोळखी होते ते केवळ वर्णलेखन.

थिऑसॉफीत मृत्यूनंतरच्या सुखमय अवस्थेसाठी वापरला जाणारा ‘देवचन’ हा शब्द भारतीय वाचकाला अधिक सहज चकवतो. त्यात ‘देव’ दिसतो आणि थिऑसॉफीच्या कोशातही ‘देवांचे निवासस्थान’ असाच अर्थ दिलेला आहे. पण मूळ तिबेटी शब्दाचा अर्थ ‘सुखयुक्त’ असा असून तो अमिताभ बुद्धाच्या ‘सुखावती’ लोकाचा पर्याय आहे. ध्वनिसाम्यावर विसंबून केलेली व्युत्पत्ती किती घातक ठरते, हे यावरून दिसते.

कधी वाद एका अक्षराचा असतो. हरप्रसाद शास्त्री यांनी 1907 मध्ये नेपाळात मिळालेली चर्यापदे, म्हणजे बौद्ध सिद्धांची गूढ गीते, 1916 मध्ये प्रसिद्ध केली आणि त्यांच्या भाषेला ‘संध्याभाषा’, म्हणजे उजेड-अंधाराच्या सीमेवरची भाषा, असे म्हटले. विधुशेखर भट्टाचार्य यांनी 1928 मध्ये मूळ रूप ‘संधाभाषा’ असल्याचे प्रतिपादन केले. ‘संधाय’ म्हणजे विशिष्ट अभिप्राय मनात धरून, असा संस्कृत बौद्ध ग्रंथांतील प्रयोग हा त्यांचा आधार होता. ‘य’ गळताच संधिप्रकाश मावळतो आणि साभिप्राय, सांकेतिक बोलणे एवढाच अर्थ उरतो.

‘आकाश’ या संज्ञेचे मूळ मात्र उघड आहे. तेथे शोध घ्यावा लागतो तो अर्थांतराचा. वैशेषिक दर्शनात आकाश हे शब्द, म्हणजे ध्वनी, या गुणाचे आश्रयद्रव्य आहे, तर थिऑसॉफीच्या परंपरेत आणि पुढे रुडॉल्फ श्टाइनर यांच्या 1904 पासूनच्या लेखमालेत ते विश्वातील घटनांची नोंदवही बनले.