कोड खुला झाला, आवाज मागे राहिले

अंध व्यक्तींना संगणकाचा पडदा वाचून दाखवणारे एनव्हीडीए हे ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही पाहता आणि बदलता येतो असे, सॉफ्टवेअर ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन यांनी २००६ साली लिहायला घेतले. ते स्वतः अंध आहेत. काही वर्षांतच हे सॉफ्टवेअर महागड्या स्क्रीन रीडरच्या बरोबरीने जगभर वापरले जाऊ लागले. ज्यांचे हात चालत नाहीत त्यांना नुसत्या बोलण्याने संगणक चालवता यावा, यासाठीचे तितकेच भरवशाचे मुक्त साधन मात्र त्या काळात उभे राहू शकले नाही. तळमळ दोन्हीकडे होती, प्रोग्रॅमरही होते. मग अडले कशापाशी?

मजकूर वाचून दाखवण्याचे काम बऱ्याच अंशी नियमांवर भागते. अक्षरावरून उच्चार आणि उच्चारावरून ध्वनी. एनव्हीडीएसोबत मिळणारा ईस्पीक हा आवाज जोनाथन डडिंग्टन यांनी १९९५ मध्ये सुरू केलेल्या कामातून आला. तो कोरडा आणि यांत्रिक आहे, पण शब्द कळतात, आणि राहिलेली कसर ऐकणाऱ्याचा मेंदू भरून काढतो. यंत्र ऐकू लागते तेव्हा ही कसर भरून काढणारे कोणी नसते. एकच शब्द हजार माणसे हजार तऱ्हांनी उच्चारतात, आणि त्या तऱ्हा यंत्राला आधी ऐकवाव्या लागतात. त्यासाठी रेकॉर्डिंग हवे, आणि त्यात नेमके काय बोलले गेले ते लिहून काढलेलेही हवे. चांगला प्रोग्रॅमर रात्री जागून कोड लिहील, पण हजारो लोकांचे आवाज तो कुठून आणणार?

बेल लॅब्जमधल्या 'ऑड्री' या यंत्राने १९५२ मध्ये शून्य ते नऊ हे अंक ओळखले, तेही ज्याच्या आवाजाशी त्याला जुळवून घेतले होते त्याच व्यक्तीचे. १९७६ पर्यंत कार्नेगी मेलन विद्यापीठाची 'हार्पी' ही प्रणाली १०११ शब्दांपर्यंत पोचली. त्यानंतर संख्याशास्त्रावर आधारलेली पद्धत रुळली आणि ती रुळवणाऱ्यांपैकी जेम्स व जॅनेट बेकर या दांपत्याने १९८२ मध्ये ड्रॅगन सिस्टिम्स ही कंपनी काढली. १९९० मध्ये आलेल्या ड्रॅगनडिक्टेटची किंमत होती सुमारे ९,००० डॉलर. प्रत्येक शब्दानंतर थांबून, तुटक बोलावे लागे. तरीही ज्यांना कळफलकाला हात लावता येत नव्हता त्यांच्यासाठी पत्र स्वतः लिहिण्याची ही वाट होती. सलग बोलणे टिपणारी आवृत्ती, नॅचरलीस्पीकिंग, १९९७ मध्ये आली. मनगटे आणि बोटे दुखून टायपिंग सुटलेल्या अनेकांची नोकरी या सॉफ्टवेअरवर तगली.

या इतिहासातला पुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. २००० मध्ये ड्रॅगन एका बेल्जियन कंपनीने, लेर्नाउट अँड हॉस्पीने, विकत घेतली. ती कंपनी आर्थिक गैरव्यवहारात बुडाली. २००१ मध्ये स्कॅनसॉफ्टने तिच्याकडचे हे तंत्रज्ञान घेतले, आणि २००५ मध्ये स्कॅनसॉफ्टचीच न्युआन्स झाली. २०१८ मध्ये मॅकसाठीची ड्रॅगनची आवृत्ती बंद करण्यात आली. २०२२ मध्ये न्युआन्स मायक्रोसॉफ्टकडे गेली. व्यापाराच्या बातम्यांत हे सगळे नेहमीचेच. पण एखादी व्यक्ती दिवसाचे आठ तास ज्या साधनाच्या आधाराने काम करते, ते साधन कुणाच्या तरी हिशेबात बसत नाही म्हणून बंद होते, तेव्हा ते तिच्या हातातले काम काढून घेण्यासारखेच असते. ओपन सोर्सचा आग्रह धरणाऱ्या दिव्यांगांच्या मनात किमतीइतकीच ही भीतीही होती. कंपनी बुडाली तरी साधन बुडू नये, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

२००० साली कार्नेगी मेलनने बोलणे ओळखणाऱ्या आपल्या स्फिंक्स-२ या प्रणालीचा कोड खुला केला. जपानमध्ये ज्युलियस हे खुले इंजिन, म्हणजे बोलणे ओळखणारा मूळ प्रोग्रॅम, तयार होत होते. केंब्रिज विद्यापीठाच्या एचटीके या साधनसंचाचा कोड पाहता येत होता, मात्र तो पुढे वाटायला परवानगी नव्हती. म्हणजे इंजिने होती. त्यांना शिकवायला लागणारे आवाज मात्र विद्यापीठांच्या परवान्यांत आणि कंपन्यांच्या कपाटांत बंद होते. ही उणीव ओळखून २००६ मध्ये व्हॉक्सफोर्ज हा उपक्रम सुरू झाला. दिलेले उतारे वाचून लोकांनी आपला आवाज मुक्त परवान्याखाली द्यायचा, अशी त्याची कल्पना होती. कल्पना अचूक होती. साठा मात्र व्यापारी कंपन्यांच्या तुलनेत फारच लहान राहिला.

याच टंचाईतून ऑस्ट्रियात सायमन नावाचा प्रकल्प उभा राहिला, आणि तो खास शारीरिक अपंगत्व असलेल्यांसाठीच होता. पुढे तो केडीई या मुक्त सॉफ्टवेअरच्या परिवारात आला. सगळ्या जगाचा आवाज ओळखण्याचा हट्टच त्याने सोडला. वापरणाऱ्याने आपल्याला हवे तेवढे मोजके शब्द निवडायचे, ते आपल्या आवाजात पुन्हा पुन्हा म्हणून यंत्राला शिकवायचे, आणि प्रत्येक शब्दाला एक आज्ञा जोडायची. भाषा कोणतीही चालेल. उच्चार इतरांना कळण्यासारखा नसला तरी चालेल, फक्त तो दर वेळी साधारण सारखा हवा. शब्द थोडे असले की यंत्राचा गोंधळही कमी होतो. शंभर शब्दांतून एक निवडणे आणि लाखातून एक निवडणे यांत मोठे अंतर आहे. मेल उघड, खाली जा, परत ये, एवढ्याने ज्याचा दिवस सोपा होतो त्याला कादंबरी सांगून लिहवून घेणारे यंत्र लागत नाही. अडचण परवान्याची होती. स्वतःच्या आवाजाचे प्रारूप, म्हणजे रेकॉर्डिंगवरून यंत्राने शिकून तयार केलेला नमुना, बनवायला एचटीके लागे, आणि ते सायमनसोबत देता येत नसल्याने नोंदणी करून वेगळे उतरवून घ्यावे लागे. २०१२ च्या अखेरीस आलेल्या आवृत्तीत स्फिंक्सचा पर्याय आला तेव्हा ही अट सुटली.

दुसऱ्या टोकाला, हात दुखावलेले प्रोग्रॅमर वेगळीच खटपट करत होते. ऐकण्याचे काम बंदिस्त ड्रॅगनकडेच ठेवून त्याच्यावर खुल्या कोडचा थर चढवायचा, अशी ती खटपट होती. नॅटलिंकमुळे ड्रॅगनला पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतून आज्ञा देता येऊ लागल्या, ड्रॅगनफ्लायने त्या लिहिणे सोपे केले. पायथन वापरणाऱ्यांच्या २०१३ च्या पायकॉन परिषदेत टॅव्हिस रड यांनी बोलून कोड लिहिण्याचे प्रात्यक्षिक दाखवले. त्यांच्याकडे संगणकाच्या आत एक आभासी विंडोज संगणक चालवून, त्यात ड्रॅगन चालवून, तिथले शब्द परत बाहेर आणण्याची व्यवस्था होती. कंस, स्वल्पविराम, नवी ओळ यांसाठी त्यांनी छोटे, झटकन म्हणता येणारे शब्द घडवले होते. ही सगळी कसरत इंजिन परके होते म्हणून करावी लागत होती.

खुले इंजिन तोडीस तोड झाले ते काल्डीमुळे. २००९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या कार्यशाळेत त्याची सुरुवात झाली आणि डॅन पोव्ही व सहकाऱ्यांनी ते २०११ मध्ये सर्वांसाठी खुले केले. त्याच्या जोडीला २०१५ मध्ये लिब्रीस्पीच हा सुमारे १००० तासांचा खुला ध्वनिसंग्रह आला. स्वयंसेवकांनी लिब्रीव्हॉक्स या मोफत ध्वनिपुस्तकांच्या प्रकल्पासाठी वाचलेल्या स्वामित्वहक्कमुक्त पुस्तकांतून तो तयार झाला होता. २०१७ मध्ये मोझिलाने कॉमन व्हॉइस सुरू करून लोकांकडून आवाज गोळा करायला घेतले. आज त्यात मराठीसह अनेक भाषा आहेत. त्याच वर्षी मोझिलाने डीपस्पीच हे इंजिनही आणले, पण २०२० च्या कर्मचारी कपातीनंतर त्याचे काम थंडावले. काल्डीवर आधारलेले वोस्क मात्र टिकले. त्याची छोटी प्रारूपे साधारण ५० एमबीची असतात आणि इंटरनेटशिवाय साध्या संगणकावर चालतात. मोठ्या प्रणालींच्या कौतुकात या लहान इंजिनाचे मोल विसरले जाते. जी व्यक्ती बोलूनच दिवा लावते किंवा मदतीला कुणाला बोलावते, तिचे साधन नेटवर्क गेले की मुके होऊन चालत नाही.

२०२२ च्या सप्टेंबरमध्ये ओपनएआय कंपनीने बोलणे लिहून काढणारे व्हिस्पर खुले केले. ६,८०,००० तासांच्या ध्वनीवर शिकवलेल्या या प्रारूपाची अचूकता अनेकांना चकित करून गेली. कर्णबधिर व्यक्तींना व्याख्यानाचे किंवा चित्रफितीचे लिखित रूप घरच्या संगणकावर, कुणालाही पैसे न देता, मिळू लागले. कोड आणि प्रारूप खुले झाले, मात्र ते ६,८०,००० तास खुले झाले नाहीत. शिवाय व्हिस्पर ३० सेकंदांच्या तुकड्यांवर बेतलेले आहे, त्यामुळे 'थांब' म्हणताच थांबण्याच्या कामाला ते मुळातून जुळत नाही. आणखी एक दोष त्याहून गंभीर आहे. शांततेच्या जागी ते कधीकधी न बोललेली वाक्ये लिहून मोकळे होते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तपासलेल्या ध्वनिखंडांपैकी सुमारे १ टक्क्यात अशी रचलेली वाक्ये आढळली, आणि अफेजिया असलेल्या, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे बोलताना शब्द शोधावे लागणाऱ्या, व्यक्तींच्या बाबतीत प्रमाण जास्त होते. त्यांच्या बोलण्यात विराम जास्त असतात. माणूस शब्द शोधत थांबला की यंत्र त्याच्या तोंडी स्वतःचे शब्द घालते, याहून मोठा अन्याय मला तरी या क्षेत्रात दिसत नाही.

मूळ प्रश्न तोच आहे, कोणाचे आवाज ऐकवले गेले. लिब्रीव्हॉक्सचे वाचक स्पष्ट, ओघवते वाचतात. सेरेब्रल पाल्सी, पार्किन्सन्स किंवा एएलएस (स्नायू हळूहळू निकामी करणारा मज्जातंतूंचा आजार) यांमुळे जीभ आणि ओठ जड झालेल्यांचे बोलणे त्या साठ्यात जवळजवळ नाही. संशोधकांकडे असे संग्रह होते, पण अगदी लहान. टोरांटोच्या टॉर्गो संग्रहात असे बोलणाऱ्या व्यक्ती अवघ्या आठ आहेत. गुगलच्या २०१९ च्या प्रोजेक्ट युफोनियाने हजारहून अधिक व्यक्तींकडून दहा लाखांवर वाक्ये जमवली, पण तो साठा सर्वांसाठी खुला नाही. २०२२ मध्ये इलिनॉय विद्यापीठाने मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांच्या साहाय्याने स्पीच ॲक्सेसिबिलिटी प्रोजेक्ट सुरू केला. तिथला ध्वनी संशोधकांना करार करून मिळतो.

हा करार अडसर वाटतो, पण त्यामागचे कारण खरे आहे. असा आवाज ओळखीच्या माणसाला चटकन ओळखू येतो आणि तो बोलणाऱ्याच्या आजाराचीही माहिती देतो. कॉमन व्हॉइससारख्या पूर्ण मुक्त परवान्याखाली तो एकदा बाहेर गेला की जगभर झालेल्या त्याच्या प्रती परत गोळा करता येत नाहीत. वाक्ये वाचण्याचे श्रमही कमी नसतात. एएलएस असलेल्या व्यक्तीला शंभर वाक्ये वाचायला कित्येक बैठका लागू शकतात, आणि आजार पुढे सरकला की आवाज पुन्हा बदललेला असतो.

म्हणून आता अनेकांची धडपड पुन्हा सायमनच्याच वाटेने चालली आहे, हाती साधने नवी आहेत एवढेच. व्हिस्परसारखे तयार प्रारूप घ्यायचे, एका व्यक्तीच्या थोड्या रेकॉर्डिंगवर ते पुढे शिकवायचे आणि तिच्याच संगणकावर चालवायचे. आवाज घराबाहेर जात नाही, आणि सहा महिन्यांनी तो बदलला तर त्याच संगणकावर नवी रेकॉर्डिंग घेऊन शिकवणी पुन्हा करता येते.