वाढदिवसाला दिलेली संस्था

शिक्षकाचा सत्कार म्हटला की आपल्याकडे शाल, श्रीफळ आणि मानपत्र ठरलेलं. फारच झालं तर गौरवग्रंथ, आणि त्यातही निम्मी पानं शुभेच्छांची नि छायाचित्रांची. जर्मन विद्यापीठांत एकोणिसाव्या शतकात रुळलेला रिवाज निराळा होता. प्राध्यापकाच्या साठीला वा सत्तरीला शिष्य आपापलं नवं संशोधन एकत्र बांधून त्याच्या हाती देत. स्तुती प्रस्तावनेत उरकायची.

पुण्यात १९१७ साली डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या वाट्याला हे दोन पावलं पुढे जाऊन आलं.

भांडारकर डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवून १८९३ साली निवृत्त झाले. त्यांचे विद्यार्थी मात्र वर्गात बसलेल्यांपुरते नव्हते. त्यांचं 'मार्गोपदेशिका' हे संस्कृतचं पाठ्यपुस्तक ज्याने हाताळलं, तो त्यांचाच विद्यार्थी. धड्यात थोडे नियम, थोडे शब्द, की लगेच भाषांतराला वाक्यं: संस्कृतातून इंग्रजीत आणि इंग्रजीतून संस्कृतात. सुरुवातही नामांनी नाही, धातूंनी. घोकून झाल्यावर कधीतरी वाक्य, हा प्रकारच नाही. जुन्या पाठशाळेची पद्धत माहीत असलेल्याला यातली हुशारी चटकन कळेल.

वर्गाबाहेरही लोक त्यांच्याकडे पाहत. प्रार्थना समाजात सुधारणेवर बोलणारे पुष्कळ होते. भांडारकरांनी १८९१ साली स्वतःच्या विधवा मुलीचा पुनर्विवाह लावून दिला. त्या काळी हे बोलण्याइतकं सोपं नव्हतं.

६ जुलै १९१७ रोजी त्यांना ऐंशी वर्षं पूर्ण झाली. देशी-परदेशी अभ्यासकांचे निबंध असलेला गौरवग्रंथ त्या निमित्ताने निघालाच, पण त्याच दिवशी त्यांच्या नावाने भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था सुरू झाली. सत्कारमूर्तीनेही हात आखडला नाही: आपला ग्रंथसंग्रह संस्थेला दिला.

१९१९ साली संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं, म्हणजे निरनिराळ्या पोथ्या ताडून पाठ ठरवण्याचं, काम हाती घेतलं गेलं. भांडारकर १९२५ साली वारले. काम पूर्ण व्हायला १९६६ उजाडलं. डेक्कन कॉलेजातला सरकारी हस्तलिखितांचा मोठा संग्रह संस्थेकडे १९१८ सालीच आला होता. त्यातल्या कित्येक पोथ्या सरकारसाठी शोधून मिळवायला भांडारकर स्वतःच हिंडले होते.