ग्वांगजांग बाजारातील खाद्यफेऱ्या

दक्षिण कोरियाची राजधानी सोल येथील ग्वांगजांग या जुन्या बाजारात परदेशी पाहुण्यांना वाटाड्याच्या सोबतीने टपऱ्यांवरचे पदार्थ खाऊ घालत हिंडवण्याची प्रथा. बाजार जोंगनो विभागात चंगग्येचन ओढ्याच्या उत्तरेस असून भुयारी रेल्वेच्या पहिल्या मार्गिकेवरील जोंगनो-५-गा हे त्याचे जवळचे स्थानक होय. फेरी बहुधा संध्याकाळी निघते आणि साधारण तीन तास चालते. पदार्थांचा खर्च शुल्कातच धरलेला असतो.

ग्वांगजांग हा मुळात कापडाचा बाजार आहे. रेशीम, हानबोक हा पारंपरिक पोशाख, अंथरूण-पांघरूण आणि वरच्या मजल्यावरील वापरलेले कपडे यांचीच दुकाने येथे अधिक. खाद्यटपऱ्या गल्ल्या जिथे मिळतात त्या मधल्या पट्ट्यात दाटल्या आहेत. दुकानांची संख्या सामान्यतः सुमारे ५,००० सांगितली जाते. शतकभराची खाऊगल्ली हे प्रचारसाहित्यातले वर्णन म्हणूनच जपून घ्यावे लागते. बाजार शतकाहून जुना आहे. त्याची खाऊगल्ली मात्र बरीच अलीकडची.

बाजाराच्या स्थापनेविषयी फेऱ्यांमधून सांगितली जाणारी हकिकत अशी : १९०५ च्या उल्सा कराराने कोरिया जपानच्या संरक्षणाखाली गेला, नामदेमुन बाजाराचा कारभार जपान्यांच्या हाती पडला आणि त्याला उत्तर म्हणून कोरियन व्यापाऱ्यांनी भांडवल जमवून स्वतःचा बाजार उभारला. हकिकतीचा गाभा अमान्य करण्याचे कारण नाही. तारखांचा मेळ मात्र बसत नाही. हा बाजार उभारणाऱ्या ग्वांगजांग कंपनीच्या स्थापनेची तारीख सामान्यतः ५ जुलै १९०५ अशी दिली जाते, तर उल्सा करारावर सह्या झाल्या १७ नोव्हेंबर १९०५ रोजी. कंपनी कराराच्या आधीची असेल, तर करार हे तिच्या जन्माचे कारण ठरू शकत नाही. काही लेखक ‘१९०५ च्या सुमारास’ एवढेच म्हणून हा पेच टाळतात.

अधिक पटणारे स्पष्टीकरण आर्थिक आहे. ऑगस्ट १९०४ च्या करारान्वये कोरियन दरबारात जपानी अर्थसल्लागार नेमला गेला. त्या पदावरील मेगाता तानेतारो यांनी जुलै १९०५ पासून चलनबदल अमलात आणला. प्रचलित निकेलची नाणी पडत्या दराने बदलून दिली गेली किंवा नाकारली गेली, रोकड आटली आणि सोलमधील कोरियन पेढ्यांना त्याचा जबर फटका बसला. अशा वेळी भांडवल एकत्र करून बाजारपेठ आपल्या ताब्यात ठेवणे ही व्यापाऱ्यांची निकड होती. संस्थापकांत ज्यांचे नाव येते ते पाक सुंगजिक हे कापडाचेच व्यापारी होते. त्यांनी १८९६ मध्ये काढलेल्या दुकानातून पुढे दूसान हा उद्योगसमूह वाढला. नोव्हेंबरच्या करारानंतर बाजार उभारणीच्या या खटाटोपाला राष्ट्रीय प्रतिकाराचा रंग चढला असावा, असे म्हणणे उपलब्ध तारखांशी सुसंगत ठरते.

जागेचा इतिहास याहूनही जुना आहे. येथे बेओगे (चिनी लिपीतील रूपानुसार इह्यन) हा बाजार भरत असे. जोंगनू, बेओगे आणि दक्षिण दरवाजाबाहेरील चिलपे हे जोसन राजवटीच्या उत्तरार्धातील सोलचे तीन मोठे बाजार. राजा जोंगजो याच्या काळात १७९१ मध्ये परवानाधारक दुकानांची बहुतेक मक्तेदारी रद्द झाली आणि अशा बाजारांची भरभराट झाली. नव्या कंपनीचा मूळ बेत चंगग्येचनवरील ग्वांगग्यो आणि जांगग्यो या दोन पुलांदरम्यान ओढा झाकून त्यावर बाजार उभारण्याचा होता व दोन्ही पुलांची आद्याक्षरे घेऊन नाव ठरले, असे मानले जाते. तो बेत बारगळल्यावर बेओगेची जागा पक्की झाली आणि नावाचा उच्चार तोच ठेवून चिनी अक्षरे बदलली. ‘कोरियातील पहिला कायमस्वरूपी बाजार’ हा ग्वांगजांगचा दावा निर्विवाद नाही. नामदेमुन येथे सरकारी कोठाराच्या आवारात १८९७ पासून रोजचा बाजार भरू लागला होता. खाजगी भांडवलाच्या कंपनीने चालवलेला पहिला कायमचा बाजार, असे म्हटले तर ग्वांगजांगची बाजू बरीच भक्कम होते. ही कंपनी आजही अस्तित्वात आहे.

कोरियन युद्धात (१९५०–५३) बाजाराची मोठी हानी झाली व १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्याची नव्याने बांधणी झाली. उत्तरेकडून आलेल्या निर्वासितांनी येथे व्यापारात पाय रोवला. खाद्यटपऱ्यांची वाढ याच युद्धोत्तर काळातील मानली जाते. कापडाचे गठ्ठे वाहणारे हमाल, शिंपी आणि घाऊक व्यापारी हे त्यांचे पहिले गिऱ्हाईक. पोटभर, झटपट आणि स्वस्त हा येथील पदार्थांचा स्वभाव त्यातूनच आला आहे.

फेरीतला मुख्य पदार्थ बिंदेत्तोक. मूग भिजवून, वाटून त्यात मोड आलेले मूग, किमची (मसाला लावून आंबवलेली भाजी) आणि पुष्कळदा डुकराचे मांस घालून केलेला हा जाड पोळा मुगाच्या धिरड्याचा नातलग वाटावा असा, मात्र तो तेलात जवळजवळ बुडवून तळतात. टपरीच्या दर्शनी भागातच विजेवर फिरणारे दगडी जाते असते. वरच्या भोकात भिजलेले मूग पळीने सोडले जातात, दोन तळ्यांच्या फटीतून फिकट पिवळे पीठ ओघळत खालच्या भांड्यात पडते आणि तेथून डावाने थेट लोखंडी तव्यावर जाते. कड कुरकुरीत, आत मऊ अशा या पोळ्यासोबत सोया सॉसमध्ये मुरवलेला कांदा देतात, आणि हवी असल्यास मक्कॉली ही तांदळाची गढूळ, सौम्य दारू.

बिंदेत्तोक हे गरिबांचे अन्न होते, असे वाटाडे हमखास सांगतात. मात्र जांग ग्येह्यांग या उच्चकुलीन गृहिणीने १६७० च्या सुमारास कोरियन लिपीत लिहिलेल्या ‘उमसिक दिमिबांग’ या पाकग्रंथात मुगाच्या पिठात मधाने गोड केलेल्या डाळीचे सारण भरून तळण्याची ‘बिंजा’ नावाची कृती आहे. ती साधनसंपन्न स्वयंपाकघरातली दिसते. गोड, नाजूक पदार्थाचा तिखटामिठाचा जाडजूड पोळा केव्हा झाला, याविषयी मतभेद आहेत. उत्तरेकडील ह्वांगहे आणि प्योंगान प्रांतांत मुगाच्या पोळ्यांची परंपरा बळकट असल्याने आजचे रूप निर्वासितांबरोबर बाजारात रुजले, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

युख्वे म्हणजे कच्च्या गोमांसाचे बारीक काप. तिळाचे तेल, कोरियन नासपती आणि अंड्याचा बलक यांसह ते वाढतात. त्यासाठी बाजारात स्वतंत्र गल्ली आहे. तेथील काही खानावळींना मिशलिन मार्गदर्शिकेच्या सोल आवृत्तीत माफक दरातील उत्तम जेवणाचे ‘बिब गूरमाँ’ मानांकन मिळाले आणि तेव्हापासून रांगा लांबल्या. मायाक गिमबाप ही समुद्री शैवालात गुंडाळलेली बोटभर लांबीची भाताची सुरळी. आत गाजर आणि पिवळा मुरवलेला मुळा, सोबत मोहरीची झणझणीत चटणी. ‘मायाक’ म्हणजे अमली पदार्थ, म्हणून अलीकडे शासनाने खाद्यपदार्थांच्या नावांतून हा शब्द काढण्याचा आग्रह धरला आहे. याखेरीज सुंदे (रक्त व शेवया भरलेले आतडे), त्तोकबोक्की (तिखट रश्शातल्या तांदळाच्या पिठाच्या कांड्या), हाताने कापलेल्या शेवयांचे कालगुक्सू, पिळाचे गोड क्क्वाबेगी इत्यादी पदार्थ फेरीत येतात.

परदेशी पाहुण्यांचा ओघ वाढण्यास काही घटना कारणीभूत झाल्या. डांबरी रस्ता आणि उड्डाणमार्ग हटवून चंगग्येचन ओढा २००५ मध्ये पुन्हा खुला झाला आणि बाजाराच्या दाराशी चालण्याजोगी वाट आली. २००८ पासून शासनाने कोरियन पाककलेच्या जागतिक प्रसाराची मोहीम हाती घेतली. इंग्रजी भाषेतील नियमित खाद्यफेऱ्या साधारण याच काळात रुळल्या. २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवरील आशियाई रस्तोरस्तीच्या खाद्यपदार्थांच्या मालिकेत येथील कालगुक्सूची टपरी झळकली. त्या वर्षी सुमारे १ कोटी ७५ लाख परदेशी प्रवासी देशात आले होते. महासाथीत २०२१ मध्ये ही संख्या १० लाखांच्याही खाली घसरली व फेऱ्या ठप्प झाल्या. २०२४ पर्यंत ती पुन्हा १ कोटी ६० लाखांपलीकडे गेली.

फेरीचे तंत्र टपरीच्या रचनेवर बेतलेले असते. टपरीभोवतीच्या बाकांवर मोजकीच माणसे मावतात आणि जागा अडवून थोडेसे खाणे विक्रेत्यांना परवडत नाही. म्हणून गट लहान ठेवतात व वाटाड्या ओळखीच्या टपरीवर आधीच सांगून ठेवतो. ताट मध्ये ठेवून सर्वांनी वाटून खायचे, म्हणजे अनेक चवी घेता येतात. एकट्या प्रवाशाला हे साधत नाही आणि फेरीची खरी उपयुक्तता येथेच आहे. परदेशी प्रवाशांना घेऊन हिंडणाऱ्या व्यावसायिक वाटाड्यास पर्यटन कायद्यानुसार दुभाषी-वाटाड्याची शासकीय पात्रता लागते. चांगला वाटाड्या विक्रेतीला ‘इमो’ (मावशी) अशी हाक मारतो, पाहुण्यांकडूनही तसेच म्हणवून घेतो आणि तिला बोलते करतो.

दरांवरून वादही झाले आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये परदेशी मित्रांसह आलेल्या एका यूट्यूबरला १५,००० वॉनला तळलेल्या पोळ्यांचे जेमतेम दहा तुकडे मिळाल्याची चित्रफीत देशभर गाजली. व्यापारी संघटनेने संबंधित टपरी दहा दिवस बंद ठेवली. पाठोपाठ सोल महानगर शासनाने, जोंगनो विभाग आणि व्यापाऱ्यांच्या सहकार्याने, दराशेजारी वजन किंवा नगांची संख्या लिहिण्याची पद्धत आणि गिऱ्हाईक बनून जाणारे गुप्त तपासनीस अशा उपाययोजना जाहीर केल्या. बहुसंख्य कष्टाळू विक्रेत्यांवर या प्रकरणाने अन्याय झाला, ही तक्रार रास्त आहे. तरीही फलकावर परिमाण लिहिणे सर्वांच्याच हिताचे.

भारतीय पाहुण्यांनी आहाराविषयी आधीच स्पष्ट बोलावे. भाज्यांच्या पदार्थांतही सुक्या मासळीचा रस्सा किंवा मासळीचा अर्क असतो, किमचीत बहुधा कोळंबीचा खार असतो आणि बिंदेत्तोक तळताना डुकराची चरबी वापरण्याची जुनी रीत काही ठिकाणी टिकून आहे. शाकाहारी व्यक्तीला मांसाशिवायचा पोळा सांगून करून घेता येतो, मात्र तवा वेगळा मिळत नाही. कापडाची दुकाने संध्याकाळी लवकर आणि रविवारी बंद असतात, तर टपऱ्या रात्री उशिरापर्यंत चालतात. रेशमाच्या गल्ल्याही पाहायच्या असतील तर आठवड्यातल्या दिवसाची, दुपारची फेरी निवडावी लागते.